तेल लागलेली दप्तरं

झिप हा शब्द आमच्या घरात फार उशिरा आला. आमच्यासाठी ती चेन होती, आणि तिला वरखाली नेणारं जे छोटं डोकं असतं तो रनर. घाटकोपरच्या डोंगरउतारावरची आमची चाळ, चाळीतली मधली खोली आणि त्या खोलीत दिवसभर चालणारा चेनीचा आवाज, सर्र वर, सर्र खाली. सहारला उतरणारी विमानं डोक्यावरून इतकी खाली जायची की बोलणं थांबवावं लागे, आणि विमान गेल्यावर आपण काय बोलत होतो ते आठवायच्या आत पुन्हा तो सर्र आवाज कानावर यायचा. आईला खालच्या रस्त्यावरच्या हसमुखभाईंच्या कारखान्यातून काम मिळत असे. तिथे शाळेची दप्तरं शिवत. शिवून झालेली दप्तरं आमच्याकडे येत ती शेवटचा हात फिरवायला. लोंबणारे धागे कापायचे, प्रत्येक चेन चालवून बघायची, अडकत असेल ती सुटी करायची आणि घड्या घालून गठ्ठे बांधायचे. मी तेव्हा बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते, म्हणजे घरच्यांच्या मते पूर्ण रिकामी होते.

आईचा या कामात हात बसला होता आणि तिला त्याचा गर्व होता. तो लपवायचा वगैरे तिच्या स्वभावात नव्हतं. चाळीत कुणाची पँट, कुणाची पर्स, कुणाच्या पोराचा स्वेटर अडकला की माणूस सरळ आमच्या दारात. आई आधी चष्मा लावून नीट बघायची. रनरमध्ये कापड गेलं असेल तर ते आडवं, बाजूला, हळूहळू ओढायची आणि रनर पुढे न रेटता मागे घ्यायची. “पुढे जात नाही ना, मग मागे घे की. जोर कसला लावतोस? बैलगाडी आहे का ती?” दातांत मळ असेल तर जुना टूथब्रश, तोही कोरडा. मग मेणबत्तीचा तुकडा दातांवरून दोन्ही अंगांनी घासायचा, चेन दोनचारदा फिरवायची, झालं काम. काळ्या कापडाला पेन्सिलीचं टोक चालतं, फिक्याला नाही, डाग पडतात. प्लास्टिकच्या चेनीला साबणाची सुकी वडी. रनर सैल होऊन दात धरत नसेल तर पकडीने दोन्ही बाजूंनी किंचित दाबायचा, आणि किंचित म्हणजे खरंच किंचित, नाहीतर तो मोडतो. कपडे धुताना चेन बंद करून धुवा, हे ती माणूस दारातून निघताना सांगायची, डॉक्टर पथ्य सांगतात त्या सुरात. मी आज माझ्या सुनेला तेच सांगते. ती हो हो म्हणते आणि सगळ्या चेनी उघड्या ठेवून मशीन लावते.

त्या वर्षी शिमगा झाला आणि सुमनआत्या आमच्याकडे आली. बाबांची धाकटी बहीण, देवगडच्या बाजूला दिलेली. एस.टी.ने एकटी आली, हातात फक्त कापडाचं गाठोडं. नवरा पितो आणि हात उचलतो हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं, पण घरात ते असं कुणी बोलत नसे. शेजाऱ्यांनी विचारलं तर “तब्येत बरी नाही, हवापालट” असं सांगायचं ठरलं होतं. कोकणातून घाटकोपरला हवापालट करायला येणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही. बाबा एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. माणूस वाईट नव्हता, पण बहीण चार दिवस माहेरपणाला यावी आणि पाचव्या दिवशी हसत परत जावी यापलीकडे त्यांना काही सुचतच नसे. आता आंबे संपत आले होते आणि आत्या अजून होती. त्यात तिची एक खोड त्यांना फार लागायची. ते हाक मारायचे, “सुमन, पाणी,” आणि ती धागे कापत तशीच बसायची, जणू भिंतीला हाक मारली. कधी ऐकायची, कधी नाही. “माहेरी येऊन मिजास दाखवते,” बाबा आईला म्हणायचे, आणि आई म्हणायची, “तिच्या डोक्यात काय चाललंय ते तुम्हांला काय ठाऊक.” मलाही ती तंद्रीत असते असंच वाटायचं. थोडा रागही यायचा, कारण मी काही विचारलं की कधी कधी ती माझ्याकडे बघून नुसती हसायची आणि भलतंच उत्तर द्यायची.

आई मात्र तिच्या बाजूची होती, आपल्या पद्धतीने. तिने आत्याला जवळ घेऊन रडू दिलं वगैरे नाही. तिने तिच्या हातात कात्री दिली. आत्या दिवसभर मान वर न करता काम करायची. आईने बाबांना सांगितलं की जूनपासून हसमुखभाईंकडून मी सुमनच्या नावाने वेगळं काम घेणार, ती स्वतःच्या पायावर राहील, तुमच्यावर तिचं ओझं नाही. बाबांनी यावर हूं केलं होतं. तेवढ्यात गावाहून येणाऱ्या कुणीतरी निरोप आणला की आत्याचे थोरले दीर, दत्तारामभावोजी, या रविवारी तिला न्यायला येत आहेत. घरातली हवाच बदलली. आत्या जेवेनाशी झाली. आई बाबांशी भांडली, तेही हळू आवाजात, कारण चाळीत भिंती होत्या त्या नावाला. बाबा म्हणाले, “तिचं काम लागलं म्हणतेस ना? मग रविवारी हसमुखभाई माल न्यायला येतील तेव्हा माझ्यासमोर विचार त्यांना. ते हो म्हणाले तर मी दत्तारामना सांगेन की राहू दे. नाही म्हणाले तर ती जाईल. तिचं घर आहे तिकडे.” म्हणजे आत्याचं सगळं त्या एका होकारावर येऊन ठेपलं. ते तिलाही माहीत होतं, आणि म्हणूनच पुढचं सगळं झालं.

शनिवारी सकाळी माल आला तो नेमका खोडीचा. शाळा उघडायला आल्या होत्या, दुकानदार हसमुखभाईंच्या मागे लागले होते आणि हसमुखभाई आमच्या. फिक्या खाकी कॅनव्हासची दप्तरं. कापड कडक दिसावं म्हणून त्याला खळ लावतात, ती या वेळी कुणीतरी सढळ हाताने लावली होती आणि चेनीच्या दातांत सुकून बसली होती. दर दुसरी चेन अडकत होती. आईने दोनतीन हाताळून बघितल्या आणि म्हणाली, “ब्रश आणि मेण. वेळ लागेल, पण होईल. उद्या दुपारपर्यंत होईल.” दुपारी आम्हां दोघींना मुलुंडला मावशीच्या नातवाच्या बारशाला जाणं भाग होतं. मावशी रुसली असती तर ते पुढची दहा वर्षं ऐकावं लागलं असतं. आत्या म्हणाली, “तुमी जावा वयनी, मी करतंय.” आई ब्रश आणि मेणबत्ती तिच्यासमोर ठेवून निघाली. काय करायचं ते सांगून निघाली. काय करायचं नाही ते सांगितलं नाही, कारण तिच्या लेखी ते सांगण्यासारखं नव्हतंच.

दिवेलागणीला आम्ही जिना चढत होतो तेव्हाच मला वास आला. खोबरेल तेलाचा, न्हाण्याच्या दिवशी येतो तसा दाट वास. आईच्याही नाकात तो गेला असणार, कारण ती शेवटच्या पायऱ्या धावत चढली. खोलीत आत्या घामाघूम होऊन बसली होती, समोर दप्तरांचा मोठा गठ्ठा, आणि तिच्या तोंडावर इतक्या दिवसांत आम्ही पाहिलं नव्हतं तसं हसू होतं. “वयनी, बघा. सगळ्यो चलतत.” तिने एक चेन सर्रकन ओढून दाखवली. खरंच चालत होती, लोण्यातून जावी तशी. आणि चेनीच्या दोन्ही अंगांनी त्या फिक्या खाकी कापडावर तेलाचे काळपट ओघळ उतरले होते, बोटाएवढे रुंद. एका दप्तरावर नव्हे, जवळजवळ अर्ध्या मालावर.

तिच्या गावी हेच चालत आलं होतं. कुलूप गंजलं, खोबरेल. दाराची कडी कुरकुरली, खोबरेल. मूल रडतंय, डोकं दुखतंय, कान ठणकतोय, विळीची धार गेली, सगळ्याला परसातल्या माडाचं तेल. अडकलेल्या लोखंडी वस्तूला तेल घालायचं नाही, हे त्या बाजूच्या माणसाला सांगूनही पटणार नाही. लोखंडाला ते चालतंही. पण चेन कापडात शिवलेली असते आणि कापड तेल पितं, वर रस्त्यावरची धूळ त्या तेलाला चिकटते आणि महिन्याभरात तीच चेन पहिल्यापेक्षा घट्ट बसते. मला वाटलं आता आई ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. आत्याचं हसू हळूहळू उतरलं. “काय झाला?” तिने विचारलं. आईने दप्तर दिव्याखाली धरलं. आत्याने डाग बघितला, दुसरं दप्तर उचललं, तिसरं उचललं, आणि मग एकदम दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. “माका वाटला तेलान बरा होतला,” ती म्हणाली, अगदी लहान आवाजात. “वयनी, आता काय करूचा?”

“आता रडायचं नाही,” आई म्हणाली. “बाबा येतील इतक्यात. हे सगळं खाटेखाली सरकव, वर चादर टाक. त्यांना काही बोलायचं नाही. कुणीच नाही.” शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं. बाबा आले, जेवले, त्यांनी तेलाच्या वासाबद्दल विचारलं. आई म्हणाली, सुमनने डोक्याला लावलं. आत्या मान खाली घालून भात चिवडत होती. खोटं बोलण्यात आई किती पटाईत आहे हे मला त्या दिवशी कळलं आणि तिच्याबद्दलचा माझा आदर वाढला.

रविवारी सकाळी बाबा पाहुण्यांना आणायला बाहेर पडले आणि आम्ही तिघी कामाला लागलो. दप्तरं धुता येत नव्हती. पाणी लागलं की खळ निघते, कापड मऊ पडतं आणि माल वापरलेला दिसतो. आई तांदळाचं पीठ घेऊन बसली. डागावर पिठाचा जाड थर द्यायचा, दाबायचा, तेल ओढून पीठ पिवळं पडलं की झटकायचं आणि नवीन थर द्यायचा. पीठ संपत आलं तेव्हा पावडरचा डबा उपडा केला. मग माझ्या वह्यांमधले होते नव्हते ते सगळे टीपकागद काढले. ते डागावर पसरून वरून कोळशाची इस्त्री फिरवायची, कागद तेल पितो. इस्त्री जरा जास्त तापली तर कापडच करपेल, म्हणून आई दर वेळी ती ओल्या फडक्यावर टेकवून बघायची. इकडे आत्या चेनीच्या दातांमधलं तेल फडक्याच्या टोकाने पुसत होती, ब्रशने कोरडं करत होती, आणि मग मेण. नळाला पाणी आलं आणि गेलं, भरायला कुणी उठलं नाही. डाग जात होते, पण सगळेच पूर्ण जात नव्हते. काहींची सावली मागे राहत होती. उजेडात तिरकं धरलं की दिसायची. मी आईकडे बघितलं. तिने ते दप्तर घडी घालून गठ्ठ्याच्या मध्यभागी ठेवलं आणि पुढचं उचललं. आजही तांदळाचं पीठ इस्त्रीजवळ जरा करपल्यासारखा वास कुठे आला तर मला घाम फुटतो.

बाबा पाहुण्यांना घेऊन आले तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दत्तारामभावोजी उंच, स्वच्छ पांढऱ्या शर्टातले, बोलायला गोड. हातात एक रेक्झिनची प्रवासी बॅग होती, रिकामी, दुमडलेली. ती त्यांनी आत्याच्या समोर ठेवली. “तुझा सामान भरूक हाडलंय,” ते हसून म्हणाले. आत्या पदर डोक्यावर घेऊन उठली, पाया पडली, परत जागेवर बसली आणि ब्रश हातात घेतला. बाबांनी आईकडे रागाने बघितलं. पाहुणा घरात आणि हा पसारा. आईने चहा केला. जेवायला आमटी, भात आणि बटाट्याची भाजी केली. रविवारी, व्याह्यांकडचा पाहुणा कोकणातून आलेला, आणि ताटात मासे नाहीत. बाबांचा चेहरा बघवत नव्हता. पण मासे तळले असते तर त्या कॅनव्हासला असा वास बसला असता की हसमुखभाईंनी जिन्यातूनच परत पाठवलं असतं. भावोजींनी ताटाकडे बघितलं आणि विचारलं, “आज सोमवार काय ओ?” बाबांनी भाताकडे बघत त्यांना अजून आमटी वाढायला सांगितली.

हसमुखभाई आले तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. बसा म्हटलं तरी ते कधी बसत नसत. त्यांनी गठ्ठा सोडला, वरचं दप्तर घेतलं, चेन चालवली, मान हलवली. दुसरं, तिसरं. बाबा खाटेवर बसून बघत होते, शेजारी भावोजी. माझं लक्ष हसमुखभाईंच्या हाताकडे होतं, तो गठ्ठ्यात वरवर फिरत होता आणि मी मनात म्हणत होते, वरचीच बघा, वरचीच बघा. मग त्यांनी हात मधे घातला. एक दप्तर ओढून काढलं, नाकाला लावलं आणि दाराशी उजेडात नेऊन तिरकं धरलं. “भाभी, हे काय? तेल?” ते म्हणाले. “कोणी घातला तेल? तुम्ही तर कधी असा काम नाही केला.” आई काही बोलायच्या आत आत्याने मान वर केली आणि म्हणाली, “मिया.” हसमुखभाईंनी तिच्याकडे बघितलं, मग दाराशी उभं राहूनच सगळा गठ्ठा उलगडला आणि डागाची दप्तरं वेगळी केली. फार नव्हती, आम्ही भीत होतो त्यापेक्षा बरीच कमी. पण होती.

“हसमुखभाई,” आई म्हणाली, “तेलाचं मी निस्तरते. त्या दप्तरांचं मला काही देऊ नका. पण मी तुम्हांला तिच्या कामाबद्दल विचारणार होते.” तिचा आवाज सरळ होता, फक्त ओले हात ती पदराला पुन्हा पुन्हा पुसत होती. हसमुखभाईंनी ओळखलं असावं की खोलीत काहीतरी चाललं आहे. त्यांनी खाटेवरच्या दोन पुरुषांकडे बघितलं, मग आत्याकडे. “भाभी, तुमच्याशी माझा धंदा इतक्या वर्षांचा आहे. तुम्हांला माल देणार. पण यांना वेगळा नाही देऊ शकत. माफ करा.” ते वाईट बोलले नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. त्यांचा पोऱ्या गठ्ठे खाली घेऊन गेला आणि ते गेले, आणि त्यांच्या मागोमाग खोलीतली सगळी हवा गेल्यासारखं झालं.

भावोजी घसा साफ करत म्हणाले, “थयसर पण ता असाच करता. दुधाक तापवूक ठेवता आणि इसारता. पण आपला माणूस, सांभाळूकच होया.” बाबांनी एक लांब श्वास सोडला. त्यांनी आईला दिलेला शब्द पाळला होता, आता त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं, आणि मला वाटतं त्यांना सुटल्यासारखंही झालं होतं. आई भिंतीला टेकून उभी होती. तिला असं हरलेलं मी कधी बघितलं नव्हतं, आणि मला बाबांचा इतका संताप आला की माझे कान तापले.

भावोजींनी मघाची रेक्झिनची बॅग पुढे ओढली आणि तिची चेन उघडायला लागले. ती हलेना. त्यांनी जोर लावला, मग दोन्ही हातांनी ओढलं. आतलं अस्तर रनरमध्ये अडकलं होतं. त्यांच्या हातात रनरच तुटून येतो की काय असं वाटलं तेव्हा आत्याने हात पुढे केला आणि बॅग काढून घेतली. ती मांडीवर घेऊन बसली. अस्तराची कड नखाने पकडून आडवी ताणली, रनर हळूच मागे घेतला, पुन्हा ताणली, पुन्हा मागे. ज्या बॅगेत भरून तिला परत न्यायचं होतं तीच बॅग ती नीट करत होती. मला ते बघवेना, पण नजरही हलेना.

“सुमन,” बाबा खाटेवरून म्हणाले, “सामान भर.” तिने वर बघितलं नाही. “सुमन, तुझ्याशी बोलतोय मी.” ती अस्तर सोडवत होती. बाबा ताडकन उठले. “बघितलात? ह्या असा. तीन महिने ह्या असाच चल्ला हा. भावान बोलवल्यार उत्तर नाय.”

भावोजी हसले. खरंच मजा वाटावी तसे हसले. “ओ, तुमी त्या बाजून कितीय हाका मारा, तिका आयकाक येवचा नाय. डावो कान गेलो हा तिचो. ह्या बाजून बोला.”

विमान जात असतं तर बरं झालं असतं. बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर गाणं चालू होतं, तेवढाच आवाज. बाबांनी विचारलं, “कसो गेलो?”

“लागला थोडा,” भावोजी म्हणाले. “तो पियान इल्लो, हात जरा जोरात पडलो. घरात चलताच असा. आमच्या आयशीन तेल गरम करून घातलान, पण काय उपेग झालो नाय.” आणि मग त्यांना कळलं असावं की आपण काय बोललो, कारण त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि मान पुसायला लागले.

आम्हांला कुणालाच हे ठाऊक नव्हतं. आईलाही नाही, तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. तीन महिने एका खोलीत राहून, एका ताटलीतून शेंगदाणे खाऊन, आम्हांला ठाऊक नव्हतं. पुढे कधीतरी मी आत्याला विचारलं की सांगितलं का नाहीस, तर म्हणाली, “एका कानान बहिरी बायल घरात कोणाक होयी?” आम्ही तिला नको म्हणू, या भीतीने ती आमच्या ओठांकडे बघून अंदाजाने हसत आली होती आणि आम्ही तिला तंद्रीतली, मिजासखोर म्हणत आलो होतो. मला लाज वाटली. बाबांना काय वाटलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण मी ते बघितलं. ते उभे होते तिथून हलले, टीपकागद, धागे, पीठ तुडवत आत्याच्या पलीकडे गेले, आणि जमिनीवर बसले. आमचे बाबा पाहुण्यांसमोर बायकांच्या पसाऱ्यात असे कधी बसले नव्हते. तिच्या उजव्या कानाजवळ वाकून त्यांनी विचारलं, “सुमन, तुका जावचा आसा?”

आत्याने त्यांच्याकडे बघितलं. तिने मेणबत्तीचा तुकडा उचलला, बॅगेच्या चेनीच्या दोन्ही अंगांनी फिरवला, कामावर असल्यासारखा, आणि रनर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून बॅग बंद केली. आत काहीच घातलं नव्हतं. मग ती बॅग तिने दोन्ही हातांनी भावोजींच्या समोर सरकवली.

“नाय,” ती म्हणाली. आणि भावोजींकडे बघून, “घेवन जावा. आता अडकाची नाय ती.”

भावोजी बाबांकडे बघायला लागले. बाबा उठले, पँटीला लागलेलं पीठ झटकलं, पायांत चपला घातल्या. “चला, तुमका गाडयेत बसवन येतंय,” ते म्हणाले. पाहुण्यांनी बॅगेला हात लावायच्या आधी त्यांनी ती स्वतः उचलली. आई, मी आणि आत्या गॅलरीत येऊन उभ्या राहिलो. पाण्याच्या कळश्या घेऊन चढणारी माणसं बाजूला सरून त्यांना वाट देत होती, आणि बाबा पुढे चालले होते, पाहुणे मागे, आणि ती बॅग बाबांच्या एका बोटाला लोंबत होती.